रात्रीची धडधड आणि दीडशे किलोमीटरचा रस्ता

रात्री दोनच्या सुमाराला जाग येते. छातीत काहीतरी उसळल्यासारखं होतं आणि धडधड सुरू होते. ठोके कानात ऐकू येतात, तळहाताला घाम सुटतो. घरातलं माणूस विचारतं, "काय झालं?" उत्तर येतं, "जीव घाबरून राह्यला." अमरावती शहरात असं झालं तर पुढचा विचार कोणत्या दवाखान्यात जायचं हा असतो. मेळघाटातल्या धारणी तालुक्यातल्या गावात आधी रस्ता आठवतो. हरिसाल, सेमाडोह, मग घाट, मग परतवाडा आणि तिथून पुढे अमरावती, म्हणजे धारणीपासून सुमारे दीडशे किलोमीटर. काही गावांत तर फोनला रेंज मिळवायलाच टेकडीवर जावं लागतं. आपल्याला खरंच काही झालं तर आपण वेळेत पोचणार नाही, ही भीती धडधडीवर स्वार होते आणि हृदय आणखी जोरात पळू लागतं.

मेळघाटात ही भीती अवास्तव नाही. म्हणून "घाबरू नका, काही होत नाही" एवढं सांगून कोणाचं समाधान होत नाही, आणि ते होऊही नये. दोन कामं दिवसाउजेडी उरकून ठेवावी लागतात. धडधडीमागे आजार आहे का, याची एकदा नीट तपासणी करून घ्यायची. रात्री-अपरात्री गरज पडली तर कोणी काय करायचं, हेही आधीच ठरवून ठेवायचं. ही दोन्ही झाल्यावरच धडधड सोसायला आणि तिच्याकडे दुर्लक्ष करायला शिकता येतं. हा क्रम उलटा करू नये. तपासणी न करता मन घट्ट करत बसणं धोक्याचं आहे, आणि तपासणी झाल्यावरही दर महिन्याला नवा डॉक्टर शोधत फिरणं तब्येतीला आणि खिशाला दोन्हीकडून मारक आहे.

नाडी स्वतः मोजा

ही गोष्ट घरातल्या एका तरी माणसाला यायलाच हवी. तळहात वर करा. अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दोन बोटं हलकी टेकवा. आपला अंगठा वापरू नका, कारण अंगठ्याची स्वतःची नाडी लागून घोळ होतो. घड्याळ बघून तीस सेकंद ठोके मोजा आणि दुप्पट करा. स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला साधारण ६० ते १०० असते. आकड्याइतकीच महत्त्वाची आहे ती लय. ठोके सारख्या अंतराने पडतात, मधूनच एखादा चुकतो, की कशाचा कशाला मेळच नाही?

आता ही लय डॉक्टरांना सांगायची कशी? घरात कोरकू, बाजारात हिंदी आणि दवाखान्यात मराठी, अशी अनेकांची ओढाताण होते आणि "कसंतरी होते" यापुढे काही सांगता येत नाही. अशा वेळी बोटाने टेबलावर ठोका. जसं छातीत वाटलं तसंच, त्याच वेगाने. एकसारखी वेगवान टकटक, मधेच थांबून जोराचा एक ठोका, किंवा पूर्ण विस्कळीत ताल, हे तिन्ही अनुभवी डॉक्टरला लगेच वेगळे कळतात आणि त्यासाठी भाषा लागत नाही. सोबत एका वहीत चार गोष्टी लिहून न्या: कधी झालं, त्या वेळी काय करत होतो, किती वेळ टिकलं, नाडी किती होती. धडधड हळूहळू चढली आणि हळूहळू उतरली, की बटण दाबल्यासारखी एकदम सुरू होऊन एकदम थांबली, हेही आठवून लिहा. निदानाची निम्मी दिशा त्यातूनच मिळते.

मोठी अडचण अशी की दवाखान्यात पोचेपर्यंत धडधड थांबलेली असते आणि ईसीजी अगदी साधा येतो. तो त्या क्षणापुरता साधा असतो. म्हणून धारणीत किंवा जवळपास असाल आणि त्रास चालू असेल, तर तो थांबायची वाट न बघता त्याच वेळी उपजिल्हा रुग्णालयात जाऊन ईसीजी काढून घ्या. धारणीजवळ उतावलीला डॉ. आशिष आणि डॉ. कविता सातव यांनी उभं केलेलं महात्मा गांधी आदिवासी रुग्णालयही आहे. त्रास वारंवार होत असेल आणि पकडता येत नसेल, तर चोवीस तास अंगावर लावायचं होल्टर नावाचं यंत्र असतं. त्यासाठी मात्र बहुधा अमरावतीला जावं लागेल.

या भागात आधी काय शोधायचं

शहरातला लेख वाचला तर धडधडीच्या कारणांत कॉफी आणि ऑफिसचा ताण पहिल्यांदा येतो. मेळघाटात मी पहिलं नाव रक्ताच्या कमतरतेचं घेईन. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. हे राज्याचं सरासरी चित्र झालं. रक्तातलं हिमोग्लोबिन कमी असलं की प्रत्येक ठोक्याला शरीराकडे कमी प्राणवायू पोचतो, आणि ती तूट भरून काढायला हृदय जास्त वेळा धडकतं. घागर घेऊन चढ चढताना दम लागतो, छाती धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते. हे मनाचं दुखणं नाही. बाईने धडधड सांगितली की "टेन्शन घेत जाऊ नको" असं म्हणून तिला परत पाठवणं मला फार अन्यायाचं वाटतं. आधी हिमोग्लोबिन तपासा. सल्ला त्यानंतर द्या.

याच ओळीत सिकलसेल. विदर्भातल्या आदिवासी भागात हा आनुवंशिक आजार बऱ्याच घरांत आहे. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. सरकारी दवाखान्यात त्याची तपासणी होते. ज्यांना आई-वडील दोघांकडून हा दोष आला आहे त्यांचं रक्त कायमच कमी असतं, त्यामुळे धडधड आणि धाप लागणं नेहमीचं होऊन बसतं. अशा माणसाने मनानेच लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत, कारण त्याचं रक्त कमी असण्याचं कारण दरवेळी लोहाची कमतरता असेलच असं नाही. फक्त एका बाजूने दोष आलेल्या वाहकाला मात्र एरवी यातला त्रास सहसा नसतो. तपासणीत वाहक निघालात म्हणून धडधडीचा दोष त्याच्यावर टाकून बाकीचा शोध थांबवू नका.

तरुण मुलामुलींच्या बाबतीत आणखी एक प्रश्न विचारायला हवा: लहानपणी घसा दुखून ताप आला होता का, आणि नंतर गुडघे, घोटे सुजून आळीपाळीने दुखले होते का? तो संधिवाताचा ताप हृदयाच्या झडपांना इजा करतो, आणि वर्षानुवर्षांनी धडधड आणि धाप यांच्या रूपाने वर येतो. त्यात दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं घ्यावं लागतं आणि ते चुकवायचं नसतं. थायरॉइड वाढलं असेल तर धडधडीबरोबर हात थरथरतात, भूक लागूनही वजन उतरतं, उकाडा सोसत नाही. दम्याच्या पंपातलं औषध आणि सर्दीच्या काही गोळ्या यांनीही नाडी वाढते, म्हणून चालू असलेली सगळी औषधं सोबत न्या.

मग रोजच्या सवयी. खर्रा हा विदर्भात दिवसभर तोंडात राहणारा पदार्थ आहे. त्यातला तंबाखू आणि सुपारी दोन्ही नाडी वाढवतात. उपाशीपोटी दोन-तीन कप कोरा चहा आणि वर खर्रा, मग सकाळी दहाला धडधड, ही साखळी वहीत लिहिली की आपोआप दिसते. दारूचं गणित थोडं वेगळं आहे. पिताना बरं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे हृदय उधळतं. सुट्टीच्या दिवसांत भरपूर पिऊन बेताल ठोक्यांनी दवाखान्यात येणाऱ्या लोकांचं वर्णन अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९७८ मध्ये केलं होतं. होळीनंतरच्या फगव्याच्या दिवसांत मोहाची दारू होते तेव्हा हे लक्षात ठेवावं. रोज पिणाऱ्याने ती एका दिवसात तोडू नये. अचानक तोडल्यावरही धडधड, थरथर आणि कधी झटके येतात, म्हणून ते डॉक्टरांच्या मदतीने करावं.

उन्हाळ्यात मोहफुलं वेचताना आणि मे महिन्यात तेंदूपत्ता तोडताना अंगातलं पाणी कमी होऊनही नाडी पळते. तेव्हा सावलीत बसून मीठ-साखरेचं पाणी घोट घोट प्यायलं की ती खाली येते. आणि विंचू. लाल विंचू चावल्यावर नुसत्या वेदना न होता दरदरून घाम, थंड हातपाय, उलटी आणि धडधड सुरू झाली, तर मंत्र-उताऱ्यात वेळ घालवू नये. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या साध्या गोळीने असे रुग्ण वाचवता येतात हे दाखवलं, पण ती वेळेवर पोटात जायला हवी. घरचे आधी भूमकाकडे, म्हणजे गावातल्या पारंपरिक वैद्याकडे, जात असतील तर त्यांच्याशी भांडत बसू नका. भूमकालाच सोबत गाडीत घ्या. घराचा त्याच्यावर विश्वास असतो आणि आजाऱ्याला त्याचा धीर वाटतो.

रात्रीचं उत्तर दिवसा लिहा

कोणत्या धडधडीत थांबायचं नाही, हे घरातल्या सगळ्यांना पाठ असावं. धडधडीबरोबर चक्कर येऊन शुद्ध हरपली, छातीवर दाब येऊन कळ हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, बसूनही धाप लागली, थंड घाम सुटला, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर लगेच निघायचं. स्वस्थ बसूनही नाडी १३० च्या वर आहे आणि अर्ध्या तासात उतरत नाही, तरीही निघायचं. ठोक्यांना काही तालच नाही, असं पहिल्यांदाच दिसलं आणि ते थांबत नसेल तर त्याच दिवशी दाखवायचं, कारण अशा लयीत हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूकडे जाऊ शकते. पळताना किंवा ओझं उचलताना भोवळ आली, किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर त्या माणसाची तपासणी पुढे ढकलू नये. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात किंवा बाळंतपणानंतरच्या पाच महिन्यांत बाईला आडवं पडल्यावर धाप लागत असेल, पाय सुजत असतील आणि छाती धडधडत असेल, तर ते बाळंतपणाचा थकवा म्हणून सोडून देऊ नका. त्या काळात हृदयाचा स्नायूच कमजोर होणारा एक आजार असतो.

आता एक कागद घ्या. वर रुग्णवाहिकेचा १०८ लिहा, गरोदर बाई असेल तर १०२ सुद्धा. खाली आशाताईंचा नंबर, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा नंबर, गावात रात्री गाडी काढू शकेल अशा दोघांची नावं. रेंज कुठे मिळते ती जागा लिहा. गाडी येईपर्यंत कोण सोबत बसेल, घरी मुलांजवळ कोण थांबेल, आधार कार्ड आणि जुने ईसीजी कोणत्या पिशवीत आहेत, हेही लिहा. गाडीवाल्याशी आणि शेजाऱ्याशी दिवसा जाऊन बोला. हा कागद दारामागे चिकटवा. "रात्री झालं तर काय?" हा प्रश्न मन शंभर वेळा विचारतं, कारण त्याला उत्तर दिलेलं नसतं. उत्तर भिंतीवर असलं की निदान भीतीचा तो भाग सैल होतो. शेवटी अंतर तेवढंच राहतं, पण त्या अंतरापुढे आपण एकटे नाही हे कळतं.

तपासणी साधी आली, तरी धडधड होते

बहुतेकांच्या बाबतीत हेच होतं. हृदय दिवसाला साधारण लाखभर वेळा धडकतं. त्यातला एखादा ठोका वेळेआधी पडतो, मग क्षणभर थांबणं होतं आणि पुढचा ठोका जास्त रक्त घेऊन जोरात पडतो. "काळीज एकदम उसळलं" असं वाटतं ते या पुढच्या ठोक्यामुळे. धडधाकट माणसांतही असे ठोके सर्रास सापडतात. डाव्या कुशीवर झोपलं की ते जास्त जाणवतात, तेव्हा उजव्या कुशीवर वळा.

त्या एका ठोक्याने आपण दचकतो. दचकल्यावर ॲड्रेनलीन सुटतं आणि त्याने नाडी वाढते. वाढलेली नाडी बघून भीती वाढते आणि श्वास भराभर होतो. भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मग बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आणि माणसाला वाटतं, आता गेलोच. भीतीचा असा झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि पुढच्या वीस-तीस मिनिटांत ओसरतो. हे आजकालचं खूळ नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धात लढलेल्या सैनिकांच्या छातीची धडधड, धाप आणि थकवा यांचं वर्णन फिलाडेल्फियाच्या जेकब दा कॉस्टा या डॉक्टरांनी १८७१ मध्ये केलं. त्यांतल्या कित्येकांच्या हृदयात बिघाड सापडत नव्हता, पण त्रास खरा होता.

झटका आला की पाठ टेकून बसा. नाकाने चार मोजेपर्यंत श्वास घ्या, पोट फुगू द्या, आणि ओठ किंचित मिटून सहा मोजेपर्यंत हळूहळू सोडा. मोठा श्वास ओढण्याचा हट्ट नको, सोडणं लांबवायचं आहे. पाच-सात मिनिटं हे करा. कागदाच्या पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय करू नका, कारण फुप्फुसाचा किंवा हृदयाचा खरा त्रास असेल तर तो घातक ठरतो. मनाशी बोलायचं असेल तर "थांब, थांब" म्हणू नका. "ही तीच ओळखीची धडधड आहे, ती अर्ध्या तासात उतरते" एवढं म्हणा. जे काम चालू होतं ते सावकाश चालू ठेवा: भाजी निवडत होता तर निवडत राहा.

ज्यांची धडधड बटणासारखी एकदम लागते आणि दीडशेच्या वर जाते, त्यांच्यासाठी वेगळी युक्ती आहे. निदान झाल्यावर डॉक्टरांसमोर ती एकदा शिकून घ्यावी. अर्धवट बसून रिकाम्या दहा मिलीच्या सिरिंजच्या तोंडात पंधरा सेकंद जोर लावून फुंकायचं, दट्ट्या जेमतेम हलेल एवढं. मग लगेच सपाट झोपायचं आणि दुसऱ्याने दोन्ही पाय पंधरा सेकंद वर धरायचे. इंग्लंडमधल्या २०१५ सालच्या एका अभ्यासात नुसतं फुंकून शंभरातल्या १७ जणांची लय मिनिटभरात पूर्ववत झाली, पाय वर उचलल्यावर ४३ जणांची. हृदयाचा दुसरा आजार असलेल्यांनी, गरोदर बायकांनी आणि वयस्क माणसांनी हे डॉक्टरांना विचारूनच करावं.

झटक्यांच्या मधल्या दिवसांतच खरी लढाई असते. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती जिल्ह्यात करोनाची दुसरी लाट आली तेव्हा घराघरांत ऑक्सिमीटर आले. अजून कित्येकजण दिवसातून अनेकदा त्यात बोट घालून नाडी बघतात. मोबाइलवर वरातीत नाचता नाचता कोसळलेल्या तरुणांचे व्हिडिओ फिरतात, ते पाहून रात्री स्वतःची छाती चाचपली जाते. नाडीचा आकडा बघितल्यावर क्षणभर हायसं वाटतं आणि तासाभरात पुन्हा बघावंसं वाटतं. तपासणी पूर्ण झाली असेल तर ते यंत्र कपाटात ठेवा. नाडी मोजायची ती त्रास झाला तर, आणि तीही एकदाच. ते व्हिडिओ पाठवणाऱ्याला स्पष्ट सांगा की पाठवू नको.

भीतीपोटी माणूस एकेक गोष्ट सोडतो: आधी एकट्याने शेतात जाणं, मग आठवडी बाजार, मग एसटीचा प्रवास. सोडलेल्या प्रत्येक गोष्टीबरोबर भीती मोठी होते. डॉक्टरांनी हृदय ठीक असल्याचं सांगितलं असेल तर परत फिरा, पण पायरीपायरीने. आज घरापासून नाल्यापर्यंत, आठवड्याने पुढच्या फाट्यापर्यंत, मग सोबतीने बाजार, मग एकट्याने. वाटेत धडधड झाली तर तिथेच थांबा, ती उतरू द्या आणि मगच परत या. चालताना नाडी वाढणं हे हृदय काम करत असल्याचं लक्षण आहे.

एवढ्यानेही झोप उडालेली असेल, भूक मेली असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल तर मनाच्या डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा नाही. ऑक्टोबर २०२२ पासून टेली मानस ही सरकारची मोफत सेवा १४४१६ वर चोवीस तास आहे आणि तिथे मराठीतून बोलता येतं. मनाचे डॉक्टर गोळ्या देतील तर परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पाचव्या दिवशी सोडून देऊ नका. शेजाऱ्याला लागू पडली म्हणून झोपेची गोळी मेडिकलमधून आणून घेऊ नका, तिची सवय लागते. धडधड उतरवणारी प्रोप्रॅनोलॉल नावाची गोळीही कोणाची उसनी घेऊ नका. दम्याच्या माणसाला तिने जीवघेणी धाप लागू शकते.

घरच्या माणसांनी रात्री "काही नाही, नाटकं आहेत" म्हणू नये आणि सगळं गाव उठवूही नये. जवळ बसा, नाडी मोजा, दारामागचा कागद बघा. निघायच्या लक्षणांपैकी एकही नसेल तर सोबतीने श्वास मोजा, चार आत, सहा बाहेर. त्यातलं एक जरी दिसलं तर सकाळ होण्याची वाट बघू नका, १०८ लावा.